मोफत ऑनलाइन शिक्षण : कुठे काय मिळते आणि ते कसे वापरायचे

जून महिना लागला की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. 'क्लासची फी परवडत नाही, ऑनलाइन काही मोफत आहे का?' कोणाला स्पर्धा परीक्षा द्यायची असते, कोणाला संगणक शिकायचा असतो, कोणाला पाली. दरवेळी आम्ही चार-पाच लिंक पाठवतो. समोरून 'जय भीम, धन्यवाद' येते. सहा महिन्यांनी विचारले तर बहुतेकांनी त्या लिंक उघडलेल्याही नसतात. यात त्यांची चूक नाही. कोणत्या साधनाने काय साधते, पैसे कुठे लागतात, सुरुवात कोणत्या पानापासून करायची, हे आम्ही कधी नीट सांगितलेच नव्हते. ते इथे सांगत आहोत. आमच्या अभ्यासगटात जी साधने प्रत्यक्ष वापरली, प्रामुख्याने त्यांचीच माहिती इथे आहे. यादी पूर्ण नाही आणि तशी करण्याचा हेतूही नाही.

आधी पैशाचा हिशेब

ज्ञान, प्रमाणपत्र आणि पदवी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञान आज जवळजवळ मोफत आहे. प्रमाणपत्राला थोडे पैसे पडतात. पदवीसाठी विद्यापीठच लागते. कमी खर्चात हवी असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू हे मार्ग आहेत. या तीन गोष्टींची गल्लत झाली की फसवणूक होते. आमच्या गटातल्या एका मुलाने 'नोकरीची हमी' वाचून एका खासगी ऑनलाइन कोर्ससाठी वडिलांच्या नावावर हप्ते बांधून घेतले. दोन महिन्यांनी त्याच्या लक्षात आले की तिथले निम्म्याहून अधिक धडे मोफत मिळणाऱ्या व्याख्यानांवर बेतलेले आहेत. हप्ते मात्र चालूच राहिले. त्यामुळे आता आमचा एक साधा नियम आहे. कोणत्याही कोर्सला पैसे भरण्याआधी त्याच विषयाचा मोफत कोर्स निदान चार आठवडे करून पाहायचा. चार आठवडे टिकलात तर पैसे भरायचे की नाही हे ठरवायला तुम्ही लायक झालात. नाही टिकलात तर पैसे वाचले.

उलट बाजूही सांगायला हवी. काही ठिकाणी ठरावीक प्रमाणपत्रच लागते. सरकारी नोकरीत संगणकासाठी एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्र मागितले, तर 'मी यूट्यूबवर शिकलो' हे उत्तर चालत नाही. जाहिरात नीट वाचा.

स्वयं आणि एनपीटीईएल

केंद्र सरकारचे 'स्वयं' हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. नववीपासून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे कोर्स तिथे आहेत. व्हिडिओ पाहणे, टिपणे उतरवून घेणे, गृहपाठ सोडवणे, शंका विचारणे, सगळे मोफत. त्यातलाच एक मोठा भाग म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 'एनपीटीईएल'. नाव ऐकून तो फक्त इंजिनीअरिंगचा आहे असे वाटते. पण अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, इंग्रजी संभाषण असेही कोर्स तिथे असतात. बहुतेक कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असून जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत चालतात.

प्रमाणपत्र हवे असेल तर शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. एनपीटीईएलच्या एका परीक्षेचे शुल्क साधारण हजार रुपयांच्या घरात असते. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, तरी आमची बरीच मुले अर्जातला तो रकाना रिकामा सोडतात. कारण विचारले तर 'दाखला घरी होता' हे. दाखल्याचा फोटो फोनमध्ये आधीच काढून ठेवा. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता शोधाशोध नको.

गुणांची वाटणी अशी : गृहपाठाचे २५ आणि परीक्षेचे ७५. उत्तीर्ण होण्यासाठी गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० मिळायला हवेत, दोन्हीकडे वेगवेगळे. म्हणजे शेवटच्या आठवड्यात जागून भागत नाही. दर आठवड्याचा गृहपाठ मुदतीत गेला पाहिजे. कॉलेजात असाल तर आणखी एक फायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून करून त्यांचे श्रेयांक घेता येतात. प्रत्यक्षात कॉलेज ते मान्य करते का, हे कोर्स घेण्यापूर्वी प्राचार्यांना लेखी विचारा. तोंडी होकारावर विसंबून वर्ष वाया घालवू नका.

परदेशी व्यासपीठांबद्दल थोडक्यात. एमआयटीचे 'ओपनकोर्सवेअर' पूर्ण मोफत आहे, नावनोंदणीही लागत नाही. हार्वर्डचा 'सीएस५०' हा संगणकशास्त्राचा प्राथमिक कोर्स मोफत शिकता येतो आणि तो उत्तम आहे, पण इंग्रजी बऱ्यापैकी समजले पाहिजे. 'कोर्सेरा'वर आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. त्यात घरची परिस्थिती आणि कोर्सची गरज स्वतःच्या शब्दांत लिहायची असते. दुसऱ्याचा अर्ज जसाच्या तसा उतरवू नका.

संगणक, मराठीतून

इथे आम्ही सगळ्यांत आधी एकच नाव सांगतो : आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल'. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आणि त्यांतले बरेचसे मराठी आवाजात. लिबरऑफिस, लिनक्स, पायथन, चित्रांसाठी जिम्प आणि इंकस्केप असे विषय. शिकवण्याची पद्धत साधी आहे. पडद्याच्या एका अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा, दुसऱ्या अर्ध्यात स्वतः तेच करायचे. व्हिडिओ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येतात. शिकवले जाणारे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त असल्याने चोरीची प्रत वापरण्याची वेळ येत नाही. विहारातल्या जुन्या संगणकावर आम्ही लिबरऑफिस टाकले आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आता त्यातच ठेवला जातो. तो हिशेब लिहिता लिहिताच एका बारावीच्या मुलीला स्प्रेडशीट चांगले जमू लागले.

प्रोग्रॅमिंगकडे जायचे असेल तर 'फ्रीकोडकॅम्प' बघा. धडे आणि प्रमाणपत्र दोन्ही मोफत. मात्र प्रोग्रॅमिंग मोबाइलवर शिकता येते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. सुरुवात होते, पुढे कीबोर्ड लागतोच.

कीबोर्डवरून आठवले. कार्यकर्त्यांनी मराठी टायपिंग युनिकोडमध्ये आणि शक्यतो इन्स्क्रिप्ट पद्धतीने शिकावे. संगणकात ते आधीपासून असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली निवेदने दुसऱ्या फोनवर उघडली की अक्षरांची खिचडी होते. आमच्याकडचे वीस वर्षांपूर्वीचे कितीतरी ठराव आज वाचताच येत नाहीत.

पाली : इथे आपण दोन पावले पुढे आहोत

पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहलीत लिहितात, थायलंडमध्ये थाई लिपीत, म्यानमारमध्ये बर्मीत, युरोपात रोमनमध्ये. देवनागरीतही ती तितक्याच सहज लिहिली जाते. म्हणजे मराठी माणसाला लिपी शिकावी लागत नाही. शब्दही ओळखीचे निघतात. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, कम्म म्हणजे काम, भत्त म्हणजे भात, सप्प म्हणजे साप, अज्ज म्हणजे आज, अट्ठ म्हणजे आठ. शाळेत संस्कृतच्या विभक्ती पाठ केलेल्या असतील तर त्या इथे उपयोगी पडतात. नसतील तरी काही अडत नाही.

गोव्यातून निघालेल्या धर्मानंद कोसंबींना बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी पुणे, काशी, नेपाळ असे फिरत १९०२ साली सिलोन गाठावे लागले होते, तेव्हा कुठे पाली नीट हाती लागली. 'निवेदन' या आत्मचरित्रात ते सगळे आहे, जरूर वाचा. आज तीच ग्रंथसंपदा फोनवर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पालीला, आणि तिच्याबरोबर मराठीलाही, अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी पोस्ट पुष्कळ फिरल्या. पाली वाचणारे किती वाढले हे ज्याने त्याने आपल्या विहारात मोजावे.

सुरुवात कुठून करावी? आमचा अनुभव असा की पुस्तकाच्या पहिल्या पानापासून नको, रोजच्या वंदनेपासून करावी. जे शब्द लहानपणापासून तोंडात आहेत तेच सोडवायला घ्यायचे. 'गच्छामि' म्हणजे 'मी जातो' किंवा 'मी जाते' : वर्तमानकाळ, प्रथम पुरुष, एकवचन. मग 'गच्छति' म्हणजे 'तो जातो' हे आपोआप कळते. 'सरणं' ही द्वितीया. 'पाणातिपाता' ही पंचमी, म्हणजे 'जीवहत्येपासून'. 'वेरमणी' म्हणजे दूर राहणे, विरती. 'सिक्खापदं' म्हणजे शिकण्याचा, आचरण्याचा नियम. 'समादियामि' म्हणजे 'मी स्वीकारतो'. इतके कळल्यावर आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, 'म्हणजे हे कोणी आपल्यावर लादलेले नाही, आपणच घेतोय.' व्याकरणाच्या एका क्रियापदातून त्या तिथवर पोहोचल्या. वंदना त्या चाळीस वर्षे म्हणत होत्या.

वंदनेचे शब्द संपले की प्रा. लिली डी सिल्वा यांचे 'पाली प्रायमर' घ्यावे. ३२ धडे आहेत, प्रत्येक धड्यात थोडे व्याकरण आणि भाषांतरासाठी छोटी वाक्ये. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने ते प्रकाशित केले असून ते ऑनलाइन मोफत मिळते. आठवड्याला एक धडा धरला तर आठ महिन्यांत संपते. इंग्रजीतून आहे ही अडचण खरी, पण त्यातले इंग्रजी अगदी सोपे आहे आणि गटात एकाला जरी कळले तरी काम भागते.

मूळ ग्रंथांसाठी दोन ठिकाणे पुरेत. पहिले, याच विन्यासाचे छट्ठ संगायन तिपिटक. १९५४ ते १९५६ मध्ये रंगूनला झालेल्या सहाव्या संगीतीची ही आवृत्ती देवनागरीसह अनेक लिप्यांत वाचता येते. दुसरे, 'सुत्तसेंट्रल'. इथे एका बाजूला पाली आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी भाषांतर, वाक्याला वाक्य लावून दिसते. पाली मजकूर देवनागरीत करून घेता येतो आणि शब्दाला बोट लावले की अर्थ येतो अशीही सोय आहे. या सोयी सेटिंगमध्ये दडलेल्या असतात, पहिल्या दिवशी दहा मिनिटे त्यासाठी काढा.

कोशांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात ऱ्हीस डेव्हिड्स आणि स्टीड यांचा पाली-इंग्रजी कोश आहे. तिथेच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही मिळतो. 'डिजिटल पाली डिक्शनरी' ही नवी आणि मोफत. शब्दाची सगळी रूपे एका तक्त्यात दाखवते.

पाठांतरासाठी 'अँकी' वापरा. आपण शब्दांची पत्ते तयार करायची. जे आठवले ते पत्ते उशिरा येते, जे विसरले ते लवकर. संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. दुसऱ्यांनी तयार केलेले हजार पत्त्यांचे गठ्ठे उतरवून घेण्यापेक्षा स्वतः लिहिलेले शंभर पत्ते जास्त लक्षात राहतात.

कालाम सुत्त आणि आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला आम्ही एक फलक लावला होता. त्यावर कालाम सुत्तातले म्हणून एक वचन होते : परंपरा, ग्रंथ, गुरू कोणावरही विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना, अशा आशयाचे. हा मजकूर तुम्हीही शंभर वेळा वाचला असेल. नंतर गटात सुत्तसेंट्रलवर अंगुत्तर निकाय, तिकनिपात, ३.६५ उघडून बसलो. तिथे ते केसमुत्ति सुत्त या नावाने आहे.

तिथे दहा गोष्टींची नावे येतात. केवळ त्यांच्या आधारावर काही स्वीकारू नका असे भगवान बुद्ध कालामांना सांगतात. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथाचा आधार, 'हा श्रमण आमचा गुरू आहे' हा भाव, ही नावे आहेतच. पण त्याच दहांत 'तक्कहेतु' म्हणजे तर्काचा आधारही आहे, आणि स्वतःच्या मताशी जुळते म्हणून पटणे हेही आहे. मग कसोटी कोणती? या गोष्टी कुशल की अकुशल, निर्दोष की सदोष, सुज्ञ माणसे त्यांची प्रशंसा करतात की निंदा, आणि त्या आचरणात आणल्या तर हित होते की दुःख, हे स्वतः जाणून घ्या. आमच्या फलकावर यातले 'सुज्ञ' नव्हते, 'हित' नव्हते. होती ती फक्त 'मला पटेल ते'. बुद्धांच्या नावावर आम्ही जवळजवळ उलटे काहीतरी लावून ठेवले होते.

फलक उतरवला. पण तो शेकडो लोकांनी पाहून, फोटो काढून पुढे पाठवलेला होता. आमच्या मते मोफत साधनांचा सगळ्यांत मोठा उपयोग इथे आहे. नोकरीसाठी शिकणे महत्त्वाचे आहेच, पण आपल्याच नावावर काय खपवले जाते ते मूळ पानावर जाऊन तपासता येणे, ही गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीला शक्य नव्हती.

बाबासाहेबांचे ग्रंथ

हीच कसोटी बाबासाहेबांच्या नावाने फिरणाऱ्या वचनांनाही लावता येते. महाराष्ट्र शासनाच्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' मालिकेचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली निघाला. छापील खंड मिळवताना लोकांची दमछाक होते हे सगळ्यांना माहीत आहे. मालिकेतील खंडांची पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहे.

नेमके काय कुठे आहे ते माहीत असले की शोध सोपा होतो. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आणि 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' पहिल्या खंडात. 'बुद्ध ऑर कार्ल मार्क्स' तिसऱ्यात. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' सहाव्यात. 'हू वेअर द शूद्राज' सातव्यात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' अकराव्यात. संविधान सभेतील काम तेराव्यात. मराठी भाषणे अठराव्या खंडाच्या तीन भागांत. आणि सोळाव्या खंडात बाबासाहेबांनी स्वतः तयार केलेले पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश. इतक्या कामांच्या गर्दीत त्यांनी त्यासाठी वेळ काढला, ही गोष्ट पाली शिकताना कंटाळा आला की आम्ही एकमेकांना सांगतो.

अकराव्या खंडाला एक पुरवणी आहे, तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मधील मजकुरासाठीचे पाली आणि इतर आधार त्यात एकत्र केले आहेत, शेवटी सूची आहे. ती पुरवणी आणि सुत्तसेंट्रल शेजारी ठेवून वाचले की बाबासाहेबांनी काय घेतले, काय गाळले, काय नव्याने मांडले हे दिसू लागते. एक प्रकरण असे वाचायला आम्हाला दोन रविवार लागले.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची टिपांसह सुंदर ऑनलाइन आवृत्ती कोलंबिया विद्यापीठाच्या प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी तयार केली आहे. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या मोफत ई-पुस्तकांत बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणून कोसंबींसारख्यांची जुनी पुस्तके 'इंटरनेट आर्काइव्ह'वर मोकळेपणाने वाचता येतात. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मात्र गटांत फिरवू नका. आपल्या चळवळीतले छोटे प्रकाशक त्यानेच बुडतात.

कायदा : कार्यकर्त्यांसाठी

गावात अत्याचाराची घटना घडते तेव्हा कायदा शिकायला वेळ नसतो. तो आधीच शिकलेला हवा. 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे सर्व कायदे दुरुस्त्यांसह मोफत आहेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ तिथून घ्या आणि सोबत १९९५ चे नियम. गटाने पहिल्या महिन्यात एवढेच वाचावे : कलम ४, म्हणजे कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाची जबाबदारी, कलम १५-अ, म्हणजे पीडित आणि साक्षीदारांचे हक्क, आणि नियम १७, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीचा. एफआयआरची प्रत मोफत मिळणे हा १५-अ मधला हक्क आहे. तो ठाण्यात कलमासह सांगता आला तर बोलण्याचा सूर बदलतो. आम्ही ते पाहिले आहे.

न्यायनिवाड्यांसाठी 'इंडियन कानून' आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ पासून सुरू असलेले 'ई-एससीआर', दोन्ही मोफत. दुसऱ्यावर काही निवाड्यांची मराठी भाषांतरेही मिळतात. संविधानाची मराठी प्रत केंद्राच्या विधी विभागाच्या संकेतस्थळावर आहे. संविधान सभेतील वादविवाद शब्द टाकून शोधता येतात असे एक संकेतस्थळ बंगळुरूच्या एका कायदा-संशोधन संस्थेने चालवले आहे. राखीव जागा, अस्पृश्यता, धर्मस्वातंत्र्य यांवर कोण काय बोलले ते तारखेसह मिळते. मात्र कायद्याचे वाचन म्हणजे वकिली नव्हे. प्रकरण उभे राहिले की वकील गाठायचाच.

शाळेतली मुले आणि स्पर्धा परीक्षा

हा भाग बहुतेकांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत आहेत. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपने उघडतात. गणित कच्चे असेल तर 'खान अकॅडमी', आणि लाज न बाळगता दोन इयत्ता मागून सुरुवात करा. स्पर्धा परीक्षांसाठी इग्नूच्या 'ई-ज्ञानकोश'मधील पदवीची पुस्तके महागड्या नोट्सपेक्षा चांगली आहेत. पुण्याच्या बार्टीच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, अर्जाची मुदत थोडी असते. संदर्भासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे.

इंग्रजीची भिंत आणि यंत्राचे भाषांतर

वरच्यापैकी निम्मे साहित्य इंग्रजीत आहे. यावर यंत्राचे भाषांतर हा उपाय आता सगळ्यांच्या हातात आहे आणि तो उपयोगी आहे. एक उतारा मराठीत करून घ्या, मग पुन्हा इंग्रजी वाचा. दोन-तीन महिन्यांत मराठीची गरज कमी होत जाते. पण नुसत्या भाषांतरावर थांबू नका. एका भाषांतर साधनाने 'डिप्रेस्ड क्लासेस'चे 'निराश वर्ग' केलेले आम्ही पाहिले. हसून सोडून देण्यासारखे आहे, पण तेच कोणाच्या तरी भाषणात आले तर?

एआय चॅटबॉटचेही तसेच. व्याकरणाचा नियम समजावून घ्यायला, स्वतःची परीक्षा घ्यायला तो चांगला. पण 'बाबासाहेबांचे शिक्षणावरचे वचन दे' म्हटले की तो कधी कधी नसलेले वचन नसलेल्या पृष्ठ क्रमांकासह देतो, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. आमच्या गटाचा नियम असा आहे की खंड उघडून पान सापडल्याशिवाय कोणतेही वचन फलकावर, भाषणात किंवा पोस्टमध्ये जात नाही.

एक फोन, चार माणसे

घरात एकच स्मार्टफोन असतो, तो दिवसा वडिलांबरोबर कामावर जातो, रात्री भावाकडे असतो. मुलीच्या वाट्याला येतो तेव्हा त्यात डेटा उरलेला नसतो. ही अडचण साधनांच्या यादीने सुटत नाही. काही उपाय मात्र आहेत. 'किविक्स' या मोफत अ‍ॅपने मराठी विकिपीडिया एकदा उतरवून ठेवला की पुढे इंटरनेट लागत नाही. व्हिडिओ कमी दर्जात पाहिला तरी व्याख्यान कळते आणि डेटा वाचतो. पीडीएफ आणि स्पोकन ट्युटोरियलचे धडे पेनड्राइव्हवर घेऊन विहारात ठेवता येतात.

आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर दीड तास बसतो. एक फोन किंवा लॅपटॉप मध्ये, बाकीच्यांकडे वह्या. एका वेळी एकच विषय, तीन महिने. सध्या पाली प्रायमरचा अकरावा धडा चालू आहे. पहिल्या रविवारी एकवीस जण होते, आता सात-आठ येतात. जे येतात त्यांत चार मुली आहेत, ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. त्या वह्यांत शब्द उतरवून नेतात आणि आठवडाभर पाठ करतात. तुमच्या गावात असा गट सुरू करायचा असेल तर पंचवीस जणांची वाट पाहू नका. तीन जण, एक फोन आणि ठरलेली वेळ पुरते. पहिल्या दिवशी वंदनेतले पाच शब्द सोडवा, आणि पुढच्या रविवारी फोन कोण आणणार ते उठण्याआधी ठरवून घ्या.